तार तुटल्याची खूण

माझी मुलगी क्लॅरिनेट वाजवते. हे एवढं वाक्य मी आजवर कुणाला मोठ्याने सांगितलेलं नाही. शेजारणी विचारतात, पोरगी काय करते, तर मी म्हणते, "शिकते अजून." तिचं शिक्षण संपून दोन वर्षं झाली.

क्लॅरिनेट माझ्या वडिलांचं. ते लग्नसराईत आमच्या गावाकडच्या बॅण्ड पार्टीत वाजवायचे. दात गेले तसा फुंकेला जोर राहिला नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत ही तिथे जायची आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून बसायची. एके वर्षी येताना पेटीच घेऊन आली. मला वाटलं, चार दिवस खेळेल. ते चार दिवस अजून चालू आहेत.

घरात आम्ही अहिराणी बोलतो. इथे शाळेतल्या भाषेत लिहिते आहे. चौथीपर्यंत आली तेवढी शाळेतली, बाकीची मुलीची पुस्तकं वाचून आलेली. खरं तर आमच्या घरात बोलणं कमी आणि हात जास्त चालतात. मुलीचे वडील लग्नाआधीपासून सुरतेत माग चालवतात. खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही, म्हणून तिथे सगळं खुणांनी चालतं. पाणी हवं तर अंगठा. मालक आला तर कपाळाला हात. तार, म्हणजे मागावरचा धागा, तुटली तर पहिली दोन बोटं कात्रीसारखी उघडून हात डोक्याच्या वर. ज्याला ही खूण दिसेल त्याने आधी माग बंद करायचा, काय झालं ते मग विचारायचं. पुन्हा सुरू करायचा तर मूठ आवळून स्वतःकडे ओढायची, मागाचा दांडा ओढतात तशी. लग्नानंतर सहा वर्षं मीही तिथे कांड्यांवर सूत भरायला जायचे. मुलगी तिथेच पोत्यांवर वाढली. आता तिच्या वडिलांचा डावा कान गेला आहे, उजवा अर्धा आहे, त्यामुळे घरीही त्याच खुणा चालतात. भाजीत मीठ कमी असलं तरी ते दोन बोटं उघडून वर धरतात.

मुलीचा बॅण्ड तिघांचा आहे. एक उंच गुजराती मुलगा माणसाएवढं व्हायोलिन उभं धरून वाजवतो. त्याला बास म्हणतात. दुसरा ड्रमवाला, ओडिया, त्याचे वडीलही मागावरच. तिसरी आमची. ते जे वाजवतात त्याला जॅझ म्हणतात, पण साधं जॅझ नाही. पोस्टरवर 'अवांगार्द जॅझ' असं छापलं होतं. मी ते तीनदा वाचलं.

"म्हणजे काय गं?"

"म्हणजे पुढे गेलेली माणसं, माय. इतकी पुढे की मागच्यांना अजून दिसत नाहीत."

"मग अधूनमधून मागे वळून बघा," मी म्हटलं. "कोणी येतंय का ते."

ती हसली, पण मी हसण्यासाठी म्हटलं नव्हतं. त्यांचं वाजवणं मला कळत नाही. चाल धरावी तर ती मधेच सोडून देतात. कधी क्लॅरिनेट दार करकरावं तसं करतं, कधी दहा मिनिटं एकाच सुरावर बसून राहतं. माझे वडील वाजवायचे तेव्हा लोक नाचायचे. हिचं ऐकताना लोक खाली बघतात.

त्यांच्या पाठीशी कंपनी नाही. गाणी स्वतःच तयार करायची, स्वतःच फोनवर टाकायची, गावोगावी फोन करून जागा मागायची. वडोदऱ्याला जाऊन आले, नाशिकला जाऊन आले. आल्यावर मी विचारायचे, लोक होते का. ती म्हणायची, होते. बासवाला खरं बोलायचा. "मासी, हता," तो म्हणायचा, "पण खुरशी वधारे हती." माणसांपेक्षा खुर्च्या जास्त होत्या.

पोस्टरचं काम माझ्याकडे आलं. मी घरी साड्यांना लेस लावते. कागदाचं पोस्टर कुणी बघत नाही म्हणून मुलीने ठरवलं, कोऱ्या कापडावर छापायचं. खात्यातून वाया गेलेले तुकडे तिच्या वडिलांनी आणले आणि मी त्यांच्या कडा दुमडून शिवल्या. शिवताना तिने माझ्या हातांचा व्हिडिओ काढला. चेहरा नको, एवढंच मी म्हटलं होतं. मशीनच्या आवाजावर तिने क्लॅरिनेट वाजवलं आणि ते फोनवर टाकलं. त्यांच्या कुठल्याही गाण्यापेक्षा ते जास्त लोकांनी पाहिलं. मला आठवडाभर नळावर जायची लाज वाटत होती. हातच होते, पण बांगड्या माझ्या होत्या.

पोस्टरचे तुकडे मीच लिंबायतमधल्या ओळखीच्या दुकानांत द्यायला गेले. मान वर न करता द्यायचे आणि निघायचं, असं ठरवून गेले होते. किराणावाल्याने कापड उलगडून पाहिलं आणि विचारलं, घोडी पण तुमचीच का. आमच्या चाळीतली एक बाई तर घरी आली.

"काय वं, तुनी पोरना बेंड शे म्हने. मना पोऱ्यानं लगीन शे. वरातमा वाजाडतस का?"

मी म्हटलं, वरातीत नाही वाजवत, बसून वाजवतात.

"बशीसन?" ती म्हणाली. "मंग नाचतीन कोन?"

मी तिला चहा दिला.

हे सगळं दिवाळीच्या आधीचं. मुलीच्या वडिलांनी तिच्यासाठी पलसाण्याला एका डाइंगच्या, म्हणजे कापड रंगवण्याच्या कारखान्यात ऑफिसमधली नोकरी बघून ठेवली होती. कारखान्याची बस घरापासून नेते, घरापर्यंत सोडते. लाभपाचमेला सगळे धंदे पुन्हा उघडतात, त्या दिवशी हजर व्हायचं होतं. मुलीने बापाला सांगितलं, "आबा, आजवर आम्हीच गावं मागितली. लाभपाचमेच्या आत एका तरी गावाने आपणहून बोलावलं तर मी वाजवणार. नाही बोलावलं तर पेटी बंद करून पलसाण्याला जाणार. मग मी विषय काढणार नाही, तुम्हीही काढायचा नाही." त्यांना अर्धंच ऐकू गेलं असावं, पण त्यांनी मान हलवली. मी दोघांच्या मध्ये पोळ्या वाढत होते. तिला नोकरी लागावी असं मला वाटत होतं. आणि पेटी बंद होईल या विचाराने हातातली पोळी मी तिसऱ्यांदा त्यांच्याच ताटात वाढली.

शेवटचा कार्यक्रम सुरतेतच होता, वेसूकडे, एका कॉफीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. पुण्याहून एक बाई येणार होत्या. त्या अशा बॅण्डना आपल्या जागेत बोलावतात आणि त्यांच्या सांगण्यावरून आणखी दोन-तीन गावं बोलावतात. म्हणजे सगळं त्यांच्यावर आलं होतं. मुलीने मला सांगितलं, "तू पुढे बसायचं. मी घाबरले की तुझ्याकडे बघीन. तू फक्त शांत बस. काही करू नकोस."

मी आयुष्यात हॉलमध्ये पुढे बसलेले नाही. लग्नातही मी भिंतीला असते. आठ दिवस मी चेहरा शांत ठेवायचा सराव केला. आरशात बघितलं की तो शांत न दिसता आजारी दिसायचा.

त्या संध्याकाळी आम्ही सहाला पोचलो. तिच्या वडिलांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. खुर्च्या लोखंडी होत्या आणि सरकवल्या की ओरडायच्या. मी बसले ती पुन्हा हलले नाही. मागे किती लोक आले ते मान वळवून बघायची हिंमत नव्हती, म्हणून मी खुर्च्यांच्या ओरडण्यावरून माणसं मोजत राहिले. पुण्याच्या बाई कुठल्या, तेही कळलं नाही. नंतर समजलं, त्या माझ्या बरोबर मागे होत्या.

पहिली दोन गाणी झाली. लोक खाली बघत होते. मुलीने दोनदा माझ्याकडे पाहिलं. मी श्वास धरून शांत बसले. मला वाटलं, जमतंय.

तिसऱ्यात त्यांनी मागांचा आवाज लावला. तो मुलीने वडिलांच्या खात्यात जाऊन फोनमध्ये भरून आणला होता आणि ड्रमवाल्याच्या लॅपटॉपमधून वाजत होता. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आवाज चहूबाजूंनी आला आणि खुर्चीतून पाठीत शिरला. तिचे वडील सरळ होऊन बसले. त्यांना ऐकू कमी येत असलं तरी फरशीतून माग कळत होते. वरून तिघं वाजवू लागले. पहिल्यांदाच मला त्यांचं वाजवणं थोडं कळलं. माग चाल धरून होते, आणि हे तिघं खात्यातल्या माणसांसारखे त्या आवाजात इकडून तिकडे जात होते. मी श्वास सोडला.

तेवढ्यात त्या मागांमधल्या एकाचा आवाज पोकळ पडू लागला.

जुने माग तार तुटली तरी आपोआप थांबत नाहीत. आडवा धागा नेणारा धोटा रिकामाच धावत राहतो, तो धागा ठोकणारी फणी रिकामीच आपटत राहते, आणि तिचा आवाज हलका होतो. भरल्या हंड्यावर थाप मारली आणि रिकाम्यावर मारली, एवढा फरक. बाहेरच्याला कळत नाही. खात्यातल्याला झोपेत कळतो. तितकं कापड वाया जातं, दिवसाचं काम परत येतं, म्हणून तो आवाज कानात आला की माणूस विचार करत नाही.

मीही केला नाही. माझा हात वर गेला, दोन बोटं उघडलेली.

मुलगी माझ्याकडेच बघत होती. क्लॅरिनेट तिच्या ओठांवरून सुटलं, सूर अर्धाच राहिला. ड्रमवाल्यानेही माझा हात पाहिला. तोही मागवाल्याचा मुलगा. त्याने काठी टाकून लॅपटॉपवर हात मारला आणि सगळे माग एकदम बंद झाले. बासवाल्याच्या घरी कुणी माग चालवलेला नाही. तो डोळे मिटून एकटाच एक खालचा सूर ओढत राहिला, मग त्याने डोळे उघडले आणि तोही थांबला. आपल्या वाद्याच्या तारा तो वाकून बघू लागला.

माझा हात अजून वर होता. तो खाली कसा आणायचा ते मला कळेना. मला एवढंच कळलं होतं की मी मुलीचं गाणं बंद पाडलं आणि तिला पलसाण्याला पाठवलं.

फरशी गप्प झालेली तिच्या वडिलांना जाणवली. कान गेल्यापासून ते मोठ्याने बोलतात. सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं त्यांनी मला विचारलं, "काय व्हयनं? लाइट गई का?"

खात्यात सगळे माग एकदम थांबतात ते फक्त लाइट गेल्यावरच. त्यांचा प्रश्न बरोबर होता. मागे कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. मी पदर तोंडाला लावला.

मुलगीही हसत होती. तिने क्लॅरिनेट उचललं आणि बापाचा प्रश्न वाजवला. लाइट, गई, का. तसाच चढलेला, शेवटी तसाच वर लोंबकळत ठेवलेला. बासवाल्याला आता समजलं. त्याने खालून उत्तर दिलं. तिने पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा सांगितलं. मागांचा आवाज त्यांनी परत लावलाच नाही. ड्रमवाला नुसत्या बोटांनी खुर्चीच्या पाठीवर वाजवत होता. गाणं संपलं तेव्हा लोक वर बघत होते. मी बघितलं, कारण तोवर मी मान वळवली होती.

कार्यक्रम संपल्यावर पुण्याच्या बाई मुलीजवळ आल्या. मी दोन पावलं मागे उभी होते, पिशवी पोटाशी धरून.

"ते थांबणं फार सुंदर होतं," त्या म्हणाल्या. "कसं बसवलंत?"

"बसवलं नव्हतं," मुलगी म्हणाली. "चूक झाली."

चूक आईची, असं ती म्हणाली नाही.

"मग आता बसवा. पुढच्या महिन्यात पुण्याला या. पण ते थांबणं हवं. त्याच्याशिवाय तुमच्यासारखं वाजवणं मी आधीही ऐकलंय, खरं सांगते, अशी दहा माणसं मला रोज फोन करतात."

रिक्षात तिचे वडील मला खुणेने विचारत राहिले, बोलावलं का. बोलावलंही होतं आणि नव्हतंही.

दुसऱ्या दिवसापासून तिघं आमच्या खोलीत ते थांबणं बसवू लागले. मी कोपऱ्यात लेस लावत होते. ड्रमवाला मान हलवायचा आणि तिघं थांबायचे. शाळेत घंटा झाल्यावर मुलं थांबतात तसं ते व्हायचं. चार दिवस झाले. "क्या कमी है, काकी?" ड्रमवाल्याने मला विचारलं. मी सुईत दोरा ओवायला घेतला. मला माहीत होतं काय कमी होतं. त्यांना कुठे थांबायचं ते आधीच ठाऊक होतं. तार सांगून तुटत नाही.

पाचव्या दिवशी मुलीने क्लॅरिनेटचे तुकडे सोडवून पेटीत ठेवले. लाभपाचमेला सहा दिवस होते.

"फोन करून नाही सांगते," ती म्हणाली. "जे आमचं नाही ते आमचं म्हणून कसं विकायचं?"

"आणखी एकदा करून बघा," मी म्हटलं.

"माय, मी तुला बघून थांबले होते. मानेला बघून नाही थांबता येत." मग ती लगेच म्हणाली, "तुला ये म्हणत नाहीये. तुला नाही जमणार, मला माहीत आहे. त्या दिवशी हात खाली आणताना तुझं काय झालं ते मी बघितलंय."

बासवाला आणि ड्रमवाला फरशीकडे बघत होते. त्या दोघांच्या देखत मला तोंडाने काही बोलता आलं नसतं. मी मशीनवरून हात उचलला, मूठ आवळली आणि स्वतःकडे ओढली.

मुलगी बघत राहिली. ड्रमवाल्याला आधी कळलं. "चालू," तो म्हणाला. "काकी बोल रही है, चालू कर."

तिने पेटी पुन्हा उघडली.

फोन तिने त्याच दिवशी केला आणि सांगितलं, थांबणं बसवता येत नाही, आई पुढे बसेल आणि तिला तार तुटल्याचं ऐकू आलं तर आम्ही थांबू. पुण्याहून होकार आला, आणि लाभपाचमेला कारखान्याची बस आमच्या गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजवून गेली. तिचे वडील दारात उभे होते. मला वाटलं, बोलतील. त्यांनी बसकडे बघितलं, मुलीकडे बघितलं आणि विचारलं, "पुन्यामा माग शेतस का?"

ते येणार नाहीत. दोन दिवस माग सोडता येत नाही. मला म्हणाले, तिथे लाइट गेली तर फोन कर.

मी जाणार आहे. निळी साडी घडी करून ठेवली आहे, ती आवाज न करणाऱ्या कापडाची आहे. मुलीने पुण्यासाठी मागांचा नवा आवाज भरून आणला आहे, वेगळ्या दिवसाचा, पाऊण तासाचा. तो मला ऐकवायचा नाही असं तिने ठरवलं आहे. त्यात कुठे तार तुटली आहे का, ते तिलाही नीट माहीत नाही, कारण तिचा कान आता खात्यापेक्षा क्लॅरिनेटचा जास्त झाला आहे. मी विचारलं, नाहीच तुटली तर.

"तर आम्ही वाजवत राहू. तू खोटा हात वर करायचा नाहीस."

"आणि तुटली आणि मला नाही कळलं तर?"

ती म्हणाली, "माय, तुला नाही कळणार?"

तेव्हापासून मी ऐकते आहे. चाळीच्या मागच्या गल्लीत चोवीस माग आहेत. इतकी वर्षं ते मला ऐकूच येत नव्हते, आता लेस लावताना हात थांबतो. काल दुपारी एक पोकळ पडला. मी खिडकीशी गेले. समोरच्या भिंतीपलीकडे कुणी मला बघणारं नव्हतं, तरी माझी दोन बोटं उघडली होती. थोड्या वेळाने तो माग बंद झाला. कुणीतरी तिथेही ऐकत होतं.